समोरून येणाऱ्याचा हात

रस्त्यातलं जगात सगळ्यात जास्त कुणाला कळत असेल तर ते माझ्या धाकट्या मामाला, असं खुद्द मामाचंच ठाम मत होतं. तो मुरबाड-कल्याण शेअर जीप चालवायचा. जीपमध्ये माणसं कोंबताना तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. रस्त्याच्या बाबतीत मात्र समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचंच ऐके. समोरच्याने हात बाहेर काढून पंजा हलवला तर रस्ता मोकळा, बोट खाली दाखवलं तर पुढे पोलीस. कुणीच दिसलं नाही तर नव्या रस्त्यावर मामा जीप बाजूला घेऊन बिडी पेटवायचा आणि कुणी येईपर्यंत हलायचा नाही. एकदा सापगावच्या लग्नाला निघालेलं अख्खं वऱ्हाड त्याने नवरदेवासकट पुलाअलीकडे असंच बसवून ठेवलं. "मुहूर्त दुसरा मिळंल, जीप मिळंल का?" हे वर.

अशा मामाला पुढे धाप लागायला लागली. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप अरुंद झालीय. छाती न फाडता मांडीतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊ आणि फुग्याने झडप रुंद करू, नाहीतर काही खरं नाही. मामी रडायला लागली. मामाला शंका वेगळीच.

"मांडीतनं कशाला, साहेब? हात जवळ नाय का?"

"हाताकडून वळणं फार. मांडीकडून सरळ जाता येतं."

हे मामाला एकदम पटलं. पण शेवटी हृदयातल्या पातळ पडद्याला भोक पाडून पलीकडे जायचं, हे ऐकल्यावर त्याने सहीचं पेन खाली ठेवलं.

"तिकडनं कोनी आलाय का? त्याला इचारल्याबिगर आमी नाय जानार."

मामीने हात जोडले, मी चिडलो, डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. शेवटी आदल्या दिवशी हेच करून घेतलेल्या कसाऱ्याच्या एका बाईला नर्सने मामाच्या खाटेशी आणलं.

"कशी हाय गो वाट?" मामाने विचारलं.

"मांडीत जरा टोचतं, दादा. पन काल रातीला आडवी पडून झोपली मी. कवाच्यान धापेपायी बसूनच रात काढायची."

मामाने पेन उचलून सही केली.

काम फत्ते झालं. मामाचं स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा एका घाबरलेल्या म्हाताऱ्याला आत नेत होते. मामाने चादरीतून हात बाहेर काढला आणि पंजा हलवला. म्हाताऱ्याला अर्थ कळला नसणार, पण तो हसला. मला मात्र तिथेच रडू फुटलं.

पुढे मामाने बरीच वर्षं जीप हाकली. गेला तो एका दुपारी झोपेतच, कुणाला काही न विचारता. त्या वाटेवर समोरून कुणी येत नाही. खरं तर स्वतःच्या नेमाप्रमाणे मामाने अजून अलीकडेच बिडी पेटवून बसायला हवं होतं.