एका ‘व’चा फरक

ज्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे, तो आधी मांडतो. आमच्या टीचर चुकल्या, की त्यांनी चुकवले? वाचकांना हा शब्दांचा कीस वाटेल. पण हा भेद त्यांचाच. तो शिकवताना त्या खडू आडवा धरून फळ्यावरच्या ‘चुकवले’मधल्या ‘व’खाली दोनदा रेघ ओढत आणि म्हणत, “एका ‘व’चा फरक हाय, सर. पण माणूस त्याच्यातच अडकतो.”

मी पेणचा. रोह्याच्या शाळेत मी मराठी शिकवीत असे आणि त्या गणित. त्या मूळच्या वसईकडच्या, कॅथलिक. यजमान रोह्यातल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते. रविवारी मिस्साची उपासना संपली की चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत. लहानपणी आईबापांनी दिलेला धर्म मुलाने कळत्या वयात स्वतःच्या तोंडाने स्वीकारायचा, त्या संस्काराला दृढीकरण म्हणतात. वर्ग त्याच्या तयारीचा. मुले कंपनीच्या कॉलनीतली. कुणाच्या घरी मल्याळम, कुणाच्या कोकणी, कुणाच्या तमीळ. सगळ्यांची समाईक भाषा मराठी, आणि तीही मोडकी. म्हणून टीचरांनी मला बोलावले. “देवाचं मी बघते, ऱ्हस्वदीर्घ तुम्ही बघा.” मी ख्रिस्ती नाही. तरी दोन वर्षे दर रविवारी एसटीने वडखळ, नागोठणे करत जात राहिलो.

पश्चात्तापाची प्रार्थना त्यांनी मुलांसाठी सोप्या मराठीत लिहून काढली होती. पाप चार वाटांनी घडते, असे तीत होते: विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्य चुकवून. पहिल्याच रविवारी एका मुलाने ठणठणीत आवाजात वाचले, “कर्तव्य चुकून.”

“म्हणजे कर्तव्य चुकून केलं, तर पाप?” टीचर म्हणाल्या. “मग तू स्वर्गात जाणार बघ. तुझ्या हातून चुकूनसुद्धा होत नाय.”

वर्ग हसून लोळला. हसू ओसरेपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, “चुकून कुणाच्या पायावर पाय पडला, तर सॉरी म्हणायचं. पण पडलेला माणूस लांबून बघून तुम्ही रस्ता बदललात, तर ते चुकलं नाय. चुकवलं.”

त्या दिवसापासून दर रविवारी प्रत्येकाने एक चिठ्ठी आणायची, असा नियम झाला. आठवड्यात काय केले ते लिहायचे नाही. जे करायला हवे होते आणि केले नाही, तेवढेच. “आजीने तीनदा हाक मारली, मी टीव्हीचा आवाज वाढवला.” “वॉचमनच्या मुलाला खेळायला घेतलं नाही.” एकदा एक मुलगा ताठ उभा राहून म्हणाला, “टीचर, मी या आठवड्यात काहीच केलं नाय.” “मग बाळा, तुला चिठ्ठी पुरायची नाय. वही आण.”

महिन्यातून दोनदा त्या वर्गाला निडीच्या बाजूला ओढ्याकाठच्या कातकरी वाडीवर नेत. जुने कपडे वाटायला त्यांची सक्त मनाई होती. मुलांनी वाडीतल्या मुलांना अक्षरे शिकवायची आणि त्यांच्याकडून ओढ्यातले खेकडे पकडायला शिकायचे. या दुसऱ्या विषयात आमचा वर्ग सपशेल नापास होता. पाच वर्षांची बेबी त्यांची मास्तरीण. कॉलनीतला उंच पोरगा खेकड्याला घाबरून उडी मारी, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे अशी पाही की टीचरांनाही तोंड फिरवून हसावे लागे. बेबीची आजी मात्र टीचरांना सोडत नसे. “काय गो टीचर, पोरांना फिरवायला आणलंस? आमी काय जत्रा हाव?” टीचर तिच्या शेजारी जमिनीवर बसत आणि म्हणत, “व्हय गो, जत्राच. देव बघायला आणलंय.”

दृढीकरणाला तीन रविवार राहिले होते. तो संस्कार द्यायला बिशप यायचे होते. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर टीचरांनी ओट्यावर मला एक चिठ्ठी दिली. “शुद्धलेखन बघा, सर.”

चिठ्ठी सिल्वियाची होती. तेरा वर्षांची, वर्गातली सर्वांत अबोल मुलगी. तिचे वडील कंपनीच्या सांडपाण्याचा टँकर चालवीत. तिने लिहिले होते: “वाडीच्या वरच्या अंगाला ओढ्यात कंपनीचा टँकर रिकामा करतात. मला माहीत आहे. मी सांगितलं नाही. कारण टँकर पप्पांचा आहे.”

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

“बोलले तर तिच्या बापाची नोकरी जाते,” टीचर म्हणाल्या. “आमच्या ह्यांचीपण. आणि बिशप येतायत.”

यावर मी जे बोललो, ते जसेच्या तसे नोंदवणे माझे काम आहे. मी म्हणालो, “समारंभ होऊन जाऊ द्या, टीचर. इतके दिवस गेले, आणखी तीन आठवड्यांनी काय होणार आहे?”

त्यांनी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली. सिल्वियाला बोलावून म्हणाल्या, “तू सांगितलंस, तुझं काम झालं. आता माझं.” पोरीचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला. मग गाण्यांच्या सरावाचे कारण सांगून टीचरांनी वाडीच्या फेऱ्या बंद ठेवल्या. वाडीवर जाऊन आजीच्या डोळ्यांत पाहायचे आणि पाण्याचे बोलायचे नाही, हे त्यांना जमले नसते. तक्रार लांबची गोष्ट होती. “ते पाणी घेऊ नका” एवढे चार शब्द सांगायला कुणाची नोकरी जाणार नव्हती. हे तेव्हा आम्हा दोघांपैकी एकालाही सुचले नाही. निदान मी स्वतःला तसे सांगत आलो आहे.

समारंभ उत्तम झाला. “तू साक्ष देशील का?” या अर्थाच्या बिशपांच्या प्रश्नाला सिल्वियाने सगळ्यांहून स्पष्ट उत्तर दिले.

दोन दिवसांनी कळले, बेबी गेली. दोन दिवस उलट्या, मग हातपाय गार. त्या आठवड्यात ओढ्यात मासे उलटे तरंगले होते, आणि वाडीतल्या पोरांनी ते गोळा केले होते. मरण पाण्यामुळे आले, असे कुणी लिहून दिले नाही. म्हणून मीही तसे लिहीत नाही. क्रम तेवढा देतो.

पुढच्या रविवारी दृढीकरण झालेली मुलेसुद्धा आपण होऊन वर्गात येऊन बसली. टीचर खुर्चीत होत्या. फळा कोरा होता. सिल्विया उठली. टीचरांना सुटायला वाट मिळावी, एवढ्याच मायेने तिने विचारले, “टीचर, तुम्ही चुकलात ना?”

“नाय गो बाय,” त्या म्हणाल्या. “चुकवलं.”

त्याच दुपारी त्या वाडीवर गेल्या. मी सोबत होतो. त्यांनी आजीला सगळे सांगितले, तीन आठवड्यांसकट. आजीने शिवी दिली नाही. फक्त म्हणाली, “आता सांगतीस?” आणि पाठ फिरवून घरात गेली.

टीचरांनी तक्रार अर्ज केला. सही एकटीची. माझी सही त्यांनी मागितली नाही आणि मी देऊ केली नाही. चिठ्ठी त्यांनी कुणालाही दाखवली नाही, पण कॉलनीत अंदाज बांधायला कागद लागत नाही. सिल्वियाच्या बापाला कामावरून काढले. ते कुटुंब कुणाचा निरोप न घेता गेले. टँकर ओढ्यावर यायचे थांबले. पुढे ते कुठे जाऊ लागले, याचा शोध मला लागला नाही.

फादरांनी पुष्कळ समजावले, तरी टीचर पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या नाहीत. मिस्सा झाली की निडीला जात. वाडीतल्या बायका दोन शेतांपलीकडच्या विहिरीवर जाऊ लागल्या होत्या, त्यांच्या मागून एक कळशी घेऊन चालत. डोक्यावर धरायची सवय नव्हती. निम्मे पाणी लुगड्यावर सांडे. कळशी आजीच्या दारात ठेवत आणि परत फिरत. आजी त्यांच्याशी पुन्हा कधीच बोलली नाही. पण कळशी रिकामी करून दाराबाहेर पालथी घालून ठेवायची, तेवढे तिने कधी टाळले नाही. यजमानांची बदली होऊन त्या गेल्या, तोवर हे चालू होते. नंतर वसईकडून त्या वारल्याचे कळले.

म्हणून माझे उत्तर असे: त्यांनी चुकवले, तीन आठवडे. मी चुकवले, आजपर्यंत. त्यांनी आपले चुकवणे वर्गासमोर सांगितले.

वाडीचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. निडी आणि रोह्याच्या मध्ये अशा वाड्या अनेक आहेत. कुठल्याही एका वाडीवर जा आणि तिथल्या बायका आज पाणी कुठून भरतात, ते विचारा. माझ्या लिहिण्यावर विसंबू नका; स्वतः पाहून या.