एका वेळी चारच

आमच्या कॉलेजात नवा सर्व्हर आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला. सारा जिल्हा खांद्यावर घेऊन नाचेल एवढा तो दांडगा. ऑनलाइन प्रवेशअर्जांची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपणार होती आणि सर्व्हर दुपारी दोनलाच ठप्प बसला. घाबरलेली पोरं कार्यालयाशी येऊन थडकली.

संगणक सांभाळणाऱ्या सावंतबाई म्हणाल्या, "मेमरी रिकामी, डिस्क रिकामी."

"मग अडलंय कुठे?"

"जुन्या सर्व्हरच्या सेटिंगची फाइल मी जशीच्या तशी इथे आणली, सर. प्रत्येक अर्जाला एक फाइल उघडते; एका वेळी किती उघडायच्या, तो आकडा जुनाच, लहानसा राहिला."

मी दाराकडे पाहिलं. आमचं कार्यालयही नवंच, आत लग्न लागेल एवढी जागा. पण दारावर शिपाई सखारामने जुन्या खोलीची पाटी आणून ठोकलेली: 'एका वेळी चारच'.

"अहो, शंभर मावतील आत," मी सखारामला म्हटलं.

"मावतील की. पाटी चारची आहे."

माणूस घर बदलतो. उंबरठा बहुधा सोबत नेतो.

साडेचारला बाईंनी आकडा वाढवला. दाराशी रांगेतल्या पहिल्या मुलीच्या फोनवर अर्ज मिळाल्याचा संदेश वाजला. "गेला एकदाचा माझा अर्ज," ती रडवेलं हसली आणि पोचपावतीसाठी आत निघाली.

"थांब बाळ," सखाराम म्हणाला, "आत चार आहेत."