ठेकेदाराचा पाय

गल्लीत सगळे त्याला ठेकेदार म्हणत. बांधकामाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ठेका धरण्यात हयात गेली, म्हणून ठेकेदार. हॉटेलांत ड्रम वाजवायची कामं आटली, तेव्हा सायकलच्या दुकानामागच्या गोदामात तो मुलांना शिकवू लागला.

नव्या मुलाच्या हाती तो लगेच काठ्या देत नसे. "आधी ओळख करून घे," म्हणायचा. "हा छोटा ड्रम, स्नेअर. पोटाला तारा आहेत, म्हणून सारखा कुरकुरतो. या डाव्या पायाच्या दोन थाळ्या म्हणजे जावाजावा, आपटल्याशिवाय चैन नाही." मुलं खिदळायची. मग चपला काढून तो मोठ्या ड्रमच्या पेडलवर उजवा पाय ठेवायचा. "पेडल तळव्याला कळलं पाहिजे."

त्याच्या तळव्याला मात्र काही कळेनासं झालं होतं. साखरेचा जुना आजार. थोरली बहीण दवाखान्यात नर्स होती. तिनं त्याला डोळे मिटायला लावून तळव्याला टाचणी टोचली.

"टोच की आता," तो म्हणाला.

"अरे, कधीच टोचली! बूट घालून वाजव आणि उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे चल."

त्यानं हसण्यावारी नेलं.

मुलांचा कार्यक्रम तोंडावर आला होता. शिंप्याची मुलगी, सगळ्यांत हुशार, सरांच्या जागेवर बसायला गेली आणि थबकली. "सर, पेडल ओलं झालंय."

रक्त होतं. पेडलच्या कडेनं तळवा कापला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. त्यानं रुमाल गुंडाळला. "कुणाला बोलू नकोस हं. कार्यक्रम होऊ दे."

ती बोलली नाही. कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या. मग ताप चढला, बोटं काळी पडली आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

कुबड्या घेऊन तो गोदामात परतला आणि ड्रमपाशी बसला. हात बिनचूक पडत होते. मोठ्या ड्रमची वेळ आली की उजवी मांडी उचलली जायची आणि काहीच वाजायचं नाही. शिंप्याची मुलगी पुढे झाली, खाली बसली आणि ठेक्यावर हातानं पेडल दाबू लागली.

"हात काढ!" तो ओरडला. "कुणाची भीक नकोय मला!"

ती रडत गेली, ती पुन्हा आलीच नाही. हळूहळू बाकीचीही बरीचशी गळाली.

शेवटी कुबड्या टेकत तो शिंप्याच्या घरी गेला. जिना चढून जाईस्तोवर घामानं भिजला. मुलीनं आतल्या खोलीत जाऊन कडी घातली.

आई हलक्या आवाजात म्हणाली, "झोपेतून दचकून उठते हो. म्हणते, मी तेव्हाच सांगितलं असतं तर सरांचा पाय वाचला असता."

ठेकेदार कुबड्या टेकत बंद दारापाशी गेला. "बाळा, ऐकतेस ना? माझ्या बहिणीनं सांगितलं होतं गं, मीच ऐकलं नाही. तुला गप्प बसवलं तेही मीच. तुझी काही चूक नाही."

कडी निघाली नाही. मग शिंप्यानं त्याला धरून जिना उतरवून दिला.

अजून दोन-तीन मुलं शिकायला येतात. तो साध्या खुर्चीवर बसून तोंडानं ठेका सांगतो. शिंप्याच्या मुलीनं काठ्यांना परत हात लावला नाही. रस्त्यात तो दिसला, की ती त्याच्या पायाकडे न बघता झपाझप निघून जाते.