खाली न येणारी हाक

प्रणित एका बँडमध्ये ब्लॅक मेटल गायचा. ‘गायचा’ हा शब्द मी मोठ्या मनाने वापरतोय. रोडपालीला माझा लोखंडी पट्ट्यांचा गाळा आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत या पोरांचा सराव चालायचा. पुढे कटरवर लोखंड कापलं जायचं, मागे ही पोरं किंचाळायची, आणि गिऱ्हाइकं तक्रार करायची ती मागच्या आवाजाची. मरण, काळोख, सडलेले देव असले यांचे विषय. तोंडाला काळं-पांढरं फासायचं, ड्रम आणि गिटार भरधाव सोडायची आणि घसा फाटेस्तोवर ओरडायचं. याला जगभर चाहते आहेत, हे मला कितीतरी दिवस खरंच वाटत नव्हतं.

बँडचं नाव ‘अवस’. ते ठेवलं शैलेशने. तो गिटार वाजवायचा, गाणी बांधायचा आणि सगळ्यांवर दादागिरी करायचा. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला, डोक्याने तल्लख, जिभेने विखारी. अवस म्हणजे अमावस्येचा काळोख, एवढंच त्याला ठाऊक. प्रणित करंजाच्या कोळीवाड्यातला. त्याच्या लेखी अवस म्हणजे उधाण आणि उधाण म्हणजे मासळी. या एका शब्दाचे दोन अर्थ घेऊन दोघे एकत्र नांदत होते, हेच नवल.

नांदणं तरी कसलं! शैलेशने एकदा खाटकाकडून बोकडाचं मुंडकं आणून खोलीत टांगलं. ते असं कुजलं की पुढे कटरवरच्या कामगारांनी जेवण बाहेर न्यायला सुरुवात केली. मी ते पोत्यात घालून फेकून दिलं आणि शैलेशला चार शब्द सुनावले. मग स्मशानातली राख फासून त्यांनी कार्यक्रम केला. गावात बातमी गेली आणि दोघांनी बेदम मार खाल्ला. पुढे स्टेजवर ब्लेडने हात कापून घेण्याचं खूळ निघालं. प्रदीप हा त्यांचा ड्रमर, साधा पोरगा; शैलेशने त्याच्या अंगावर लोखंडी स्टँड भिरकावला, तेव्हा भुवईवर टाके घेऊन तो गेला तो परत आलाच नाही. आणि या सगळ्या धिंगाण्यात शिलाँगपासून ब्राझीलपर्यंतची पोरं यांच्यासारखं वाजवायला शिकत होती.

वाजवण्यापेक्षाही शिकत होती ती प्रणितची किंकाळी. बाकीचे गायक शेवटी आवाज खाली सोडतात. प्रणितचा आवाज वर वर जायचा आणि तिथेच तुटायचा. ओळ संपलीच नाही असं वाटायचं. ऐकणारा ताटकळत राहायचा. लोकांनी त्यात सैतान पाहिला, शाप पाहिला. एका परदेशी मासिकाने तर त्यावर लांबलचक लेख छापला होता.

खरं कारण त्याने मला एका दुपारी चहा पिताना सांगितलं. तो शाळकरी असताना वडिलांबरोबर बोटीवर होता. अचानक वारा सुटला आणि आनंदा, म्हणजे त्याचे वडील, जाळं ओढताना पाण्यात गेले. प्रणित बोटीवरून हाका मारत राहिला, घशातून रक्त येईपर्यंत. आनंदा सापडले नाहीत, त्यांचा देहही हाती लागला नाही. गवताचा पुतळा करून जाळा, क्रिया उरकून घ्या, असं भावकी म्हणत होती. त्याची आई ठमाबाई ऐकेना. तिने कुंकू पुसलं नाही, हातातला हिरवा चुडा उतरवला नाही.

“आमच्यात हाक येगली न् हेल येगला,” प्रणित म्हणाला. “मेलेल्यावर बाया हेल काढून रडतान, तो खाली येतो. हाक वर जाते. हाक मारल्यावर मानूस ओ द्यायला थांबतो ना?”

ठमाबाई त्याची सगळी गाणी ऐकायची. शेजारची प्राची तिला फोनवर लावून द्यायची. गिटार-ड्रमचं तिला काही घेणं-देणं नव्हतं. पोराचा आवाज वर जाऊन थांबला की ती मान हलवायची आणि कामाला लागायची. माझ्या मते त्या बँडची एकच खरी श्रोती होती, ती हीच.

दुसरा अल्बम करायची वेळ आली तेव्हा शैलेशला त्या किंकाळीचा शेवट हवा होता. “सगळे तुझी कॉपी मारतायत. आता खाली आण. एकदाच. लोक वेडे होतील.” प्रणितने नकार दिला. नकाराचं कारण शैलेशला माहीत होतं, तरी तो ऐकेना. भांडण हातघाईवर आलं, प्रणितचा ओठ फुटला आणि तो बँड सोडून माझ्याच गाळ्यात वजनकाट्यावर कामाला लागला. मला वाटलं, सुटला पोरगा.

शैलेशने मग आधीच्या रेकॉर्डिंगमधली त्याची किंकाळी घेतली आणि कॉम्प्युटरवर तिचं टोक वाकवून खाली आणलं. हळूहळू, थरथरत, अगदी रडल्यासारखं. गाणं इंटरनेटवर सोडलं, तेही प्रणितच्या नावाने.

आम्हाला कळलं ते प्राचीने प्रणितला केलेल्या फोनने. पोरीने कौतुकाने काकीला नवीन गाणं ऐकवलं होतं. “दादा, गाणं संपलं तशी काकी उठली आणि उंबऱ्यावर हात आपटायला लागली. म्हणते, माझ्या पोराला त्यांचा देह लागला, त्याने हेल काढला.”

मी गाळ्याला कुलूप लावून टेम्पो काढला. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बाया जमल्या होत्या. ठमाबाईचं कपाळ पुसलेलं, मनगटांवर काचेचे ओरखडे.

“आये, तो हेल माजा नाय. मशीननं केलाय. बाबाचं कायबी कललं नाय.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. “आवाज तुजाच ना?”

“आवाज माजा हाय.”

“मंग मी कोनाला रडले रं?”

माझ्याकडे शिव्यांखेरीज काहीच नव्हतं, आणि ज्याला द्यायच्या तो तिकडे घरात बसून कौतुक गोळा करत होता. आजही करतो आहे. नवी पोरं आता तो वाकवलेला शेवट शिकतात.

फुटलेला चुडा परत भरता येत नाही, असं ठमाबाईनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावकीने गवताचा पुतळा केला, त्याला आनंदांचा सदरा घातला आणि खाडीकाठी नेला. प्रणितने अग्नी दिला. गवत ते, भसकन पेटलं. बाया थांबल्या होत्या. पहिला हेल घरच्यांनी काढायचा असतो. ठमाबाईचं रडून झालं होतं. सगळे प्रणितकडे बघत होते.

त्याने तोंड उघडलं. आवाज वर गेला, आणखी वर गेला आणि तुटला. त्याने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा तेच. मान खाली घालून, मुठी आवळून तो आवाज खाली आणायला बघत होता आणि तो येत नव्हता. मला तिथे उभं राहवेना.

ठमाबाई पुढे झाली आणि तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“आता हाक नको मारू, पोरा,” ती म्हणाली. “जालून टाकलं आपुन त्यांना, ते आले तं जातील कुठं?”