'वैशाख' अत्तर लावून जतला

मार्चमध्ये जतला गेले तेव्हा ताराआत्याच्या खोलीतल्या वासानं मला उमासे आले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा झालेल्या. आई गेल्यावर दहावीपर्यंत मला तिनंच वाढवलं. या वेळी तिच्याजवळ नीट बसायचंच, असं ठरवून मे महिन्यातल्या एका शनिवारी साताऱ्याहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट. उंब्रजजवळ गाडी रखडते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

कराडला उतरून अत्तराचं दुकान गाठलं. तिथल्या चाचांकडे भर उन्हाळ्यावर बेतलेलं एक तेल मिळतं, नाव 'वैशाख'. छोटी बाटली तीनशेला. मी झाकण उघडून हुंगायला लागले तर म्हणाले, "बाटलीत काय कळतंय ताई? मनगटावर लावा, ऊन लागू द्या, मग बोला."

लावल्या लावल्या कैरी चिरल्यासारखा आंबट वास आला. सांगलीच्या स्टँडवर मिसळ खाईपर्यंत आंबटपणा गेला आणि कडुलिंबाचा फुलोरा जाणवायला लागला. जतच्या गाडीत खिडकीशी बसले. कवठेमहांकाळनंतर तापलेला वारा अंगावर आला, तसा पाणी मारलेल्या अंगणाचा वास मनगटाला यायला लागला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय लावलंयसा? लय गार वाटतंय."

मी खूश. गळ्याला, ओढणीलाही लावलं.

आत्याच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तेच अत्तर बिघडलं. फिनेल, घाम आणि मलमात मिसळून नासक्या आंब्यासारखं गोड झालं. तरी मी उशाशी बसले, तिचा हात हातात घेतला.

तिनं तो सोडवून घेतला. "माझा वास येऊ नये म्हणून लावून आलीस व्हय?"

"नाही गं आत्या."

"मागल्या बारीला नाकाला ओढणी लावलीवतीस. मी बघितलंय."

खोटं पुढं रेटता आलं नाही. मोरीत जाऊन साबणानं तीनतीनदा गळा, मनगटं चोळली. पाणी टँकरचं, तरी आत्याची सून सुमनवहिनी तांब्या भरून देत राहिली. वहिनीचीच साडी नेसून परत आले, तर आत्यानं तोंड भिंतीकडं केलेलं. मी रडत "आत्या, आत्या" म्हणत राहिले. ती वळली नाही. चार दिवसांचे कपडे नेले होते, दुसऱ्याच दिवशी निघाले.

याला तीन आठवडे झाले. अत्तर चांगलं आहे, अंगावर सात-आठ तास टिकतं, हवं असेल तर जरूर घ्या. मला ती बाटली उघडवत नाही. परवा वहिनीला फोन करून म्हटलं, रविवारी येते. तिनं आत्याला विचारलं. पलीकडून आत्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला:

"कशाला? फोनवर वास येत न्हाई. तितनंच बोल म्हणावं."