मातीत जाणारं पाणी

१४ एप्रिल १९८५, रविवार. इथल्या मराठी मंडळाचा पाडवा आदल्या दिवशी शुगर लँड शहराबाहेरच्या एका खेड्यातल्या अँग्लिकन चर्चच्या हॉलमध्ये झाला होता. मसालेभाताची करपलेली पातेली घासायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं.

सकाळची प्रार्थना आटोपल्यावर एक म्हातारी बाई किचनमध्ये आली. कशालाही हात लावण्याआधी ती एप्रनला हात पुसायची. प्रार्थनेत वाटलेल्या वाइनचा चांदीचा पेला ओट्यावर ठेवून ती शेजारच्या खोलीचं दार उघडायला वळली. तिचं काम हलकं करावं म्हणून मी पेला नळाखाली धरणार, तोच तिने माझं मनगट पकडलं.

"हनी, या सिंकमध्ये नाही!"

मला वाटलं, माझ्या हातांचा विटाळ झाला. पण तिने मला शेजारी नेऊन दुसरं छोटं सिंक दाखवलं. त्याचा पाइप थेट जमिनीत जात होता.

"या वाइनला आम्ही ख्रिस्ताचं रक्त मानतो. गटारात एक थेंबही जाता कामा नये."

"आमच्यातही देवांच्या आंघोळीचं पाणी तुळशीला घालतात," मी म्हणाले.

"मग तू कुठे घालतेस?"

"किचन सिंकमध्ये. इथे तुळस कुठे आहे?"

तिने एप्रनला हात पुसले. "पण घरामागे यार्ड आहे ना?"

तिने मला माझा धर्म शिकवला की नुसती सोय सुचवली, ते घरी पोचेपर्यंत कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव धुतले, सवयीने सिंकपाशी गेले आणि थांबले. मग मागचं दार उघडून तांब्यातलं पाणी लिंबाच्या झाडाला घातलं.

"आज हे काय नवीन?" नवऱ्याने विचारलं.

"मलाही नक्की माहीत नाही," म्हटलं, आणि चहा ठेवला.