दादाची धुतलेली गाडी

माझ्या दादाला गल्लीत सगळे फडकंवाला म्हणतात, कारण हातात फडकं नसलेला दादा कुणी पाहिलेलाच नाही. बर्फाच्या कारखान्यात फोरमन असताना त्यानं ती मोठी एसयूव्ही घेतली आणि त्या दिवसापासून त्याला दोन लेकरं झाली. लाड मात्र एकाचेच झाले, चाकं असलेल्याचे. वहिनीला ओल्या चपलांनी गाडीत बसायची बंदी होती. बिचारी चपला पिशवीत घालून अनवाणी बसायची आणि वर म्हणायची, बरंच आहे, पायांना वारा लागतो.

रोज सकाळी अंगणातल्या बोअरिंगला पाइप जोडून दादा गाडी धुवायचा. वरूनच नाही, जमिनीवर उताणा पडून खालूनसुद्धा. समुद्र जवळ, हवेत खार, तो काढायला हवा म्हणे. आता आमच्या त्या बोअरिंगचं पाणी असं की साबणाला फेस येत नाही, चहा नासतो आणि नळाच्या तोट्या गळून पडतात. गोडं पाणी टाकीत यायचं, पण ते गाडीवर ओतणं ही त्याच्या मते उधळपट्टी. म्हणजे खार धुवायला खारंच पाणी. शिवाय दरवर्षी धुऊन झाल्यावर, गाडी नीट वाळायच्या आत, खालून जाड काळं कोटिंग फासायचा. उघडं लोखंड त्याला बघवत नसे. ओल आणि मीठ दोन्ही आत कोंडून वर झाकण लावायचा हा उद्योग तो इतक्या प्रेमानं करायचा की बघणाऱ्याला भरून यावं.

माझ्या भाच्यानं, म्हणजे दादाच्या मुलानं, एकदा सांगून पाहिलं. बारावीला आपटलेल्यानं मला पाणी शिकवायचं का, असं दादानं त्याला पाहुण्यांसमोर विचारलं. तो विषय तिथेच संपला.

पोरगं वाईट नाही हो. गाडी अशी चालवतो की मांडीवरचं मूल जागं होणार नाही. पण चालवायची लोकांची, स्वतःच्या दारात एक उभी असताना. तुझ्या हातात दिली तर वर्षात भंगार करशील, हे त्यानं मिसरूड फुटल्यापासून ऐकलेलं. एकदाच दादानं गाडी दिली होती, मित्राच्या आईला दवाखान्यातून आणायला. रस्ता किनाऱ्यालगतचा, टायरला वाळू लागून आली. दादा कितीतरी दिवस त्याच्याशी बोलला नाही.

मग मासळीच्या कारखान्याला कामगारांची ने-आण करायला गाड्या हव्या झाल्या. स्वतःची धडधाकट गाडी आणेल त्याला काम, आणि गाडी नापास झाली तरी चालक म्हणून घेऊ, असं ठेकेदार भाच्याला म्हणाला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला हवा म्हणत होतं. त्यानं बापाचे पाय धरले, वहिनीनं जेवण सोडलं, मी येऊन भांडले. शेवटी दादा म्हणाला, घे. पण आधी गॅरेजच्या मिस्त्रीकडे ठेकेदारालाही बोलव. मी गाडी खालून कशी ठेवलीय ते कळू दे सगळ्यांना.

गॅरेजमध्ये गाडी वर चढवली. ठेकेदार होता, बघे होते, मी होते. मिस्त्री हातोडीनं चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ठोकत निघाला. पुढं ठणठण वाजलं. मागं आल्यावर आवाज भद्द झाला. त्यानं स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. काळा थर चिरला, तपकिरी पाणी गळलं आणि त्यामागून गंजाचे पापुद्रे ओंजळभर खाली पडले. मागचे स्प्रिंगचे पाटे चासीला जिथं धरतात तो तुकडा मिस्त्रीच्या हातातच आला. पट्टी मारून वेल्डिंग करायलाही चांगलं लोखंड उरलेलं नाही, हिच्यात माणसं बसवू नका, असं तो म्हणाला. मग त्यानं सहज विचारलं, "धुता कुठल्या पाण्यानं?"

दादाचा तसा चेहरा मी आमचे वडील गेले तेव्हाही पाहिला नव्हता. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. तो मुलाकडे वळला.

"त्या दिवशी तू हिला समुद्रात घातली होतीस."

एका दिवसात असं होत नाही, म्हणायला मिस्त्रीनं तोंड उघडलं. त्याच्या आधी भाचाच बोलला.

"हो बाबा. घातली होती. भरती होती."

धादांत खोटं. बाप सगळ्यांसमोर कोसळू नये म्हणून बोललेलं. दादाच्या चेहऱ्यावर रंग परत आला. वाटलं, आता तरी पोराच्या पाठीवर हात ठेवील. तो ठेकेदाराकडे वळून म्हणाला, "ऐकलंत ना?"

ठेकेदारानं ऐकलं होतं. बापाची गाडी समुद्रात घालणाऱ्याला कामगारांच्या गाडीची चावी कोण देणार? तो निघून गेला, आणि गावातल्या बाकीच्या गाडीवाल्यांनाही कळायला वेळ लागला नाही.

गाडी भंगारात गेली. भाचा आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतो. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला भरतीची गोष्ट सांगतो, दर खेपेला पाणी थोडं वर चढवून. मी त्याला तोंडावर सांगितलं, ही तुझ्या बोअरिंगची करणी आहे. तो शांतपणे म्हणाला, "मी कुठं काय म्हणतोय? त्यानं स्वतः कबूल केलंय, चारचौघांत." वहिनीही मान डोलावते. निदान कबूल तरी केलं पोरानं, म्हणते.

शेवटी मी भाच्याला गाठलं. म्हटलं, मिस्त्रीला घेऊन ठेकेदाराकडे जाऊ, तू फक्त खरं काय ते सांग. तो हात पुसत राहिला.

"आत्या, बाबा रोज सांगतात ना, लाट कशी आली, पाणी दारापर्यंत कसं चढलं. मला आता ते दिसतं. खरंच घातली नव्हती ना गं मी?"

नव्हती रे राजा, मी म्हणाले. त्यानं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही, आणि पुढची लादी उचलायला आत गेला.